शिरोरेघ आणि नागमोडी करवत

‘नांदेड’ हा शब्द मी पहिल्यांदा लाकडातून कापला तेव्हा सगळी अक्षरे जागेवर राहिली, फक्त अनुस्वार सुटून भुशात पडला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा सागवानी ठिपका. शोधून काढला आणि चिकटवला, पण पाटीकडे पाहिले की नजर तिथेच अडकायची. पुढची पाटी कापताना तो अनुस्वार कशाला धरून राहणार, हे आधी कागदावर ठरवले आणि मगच यंत्र सुरू केले. स्क्रोल सॉ हा छंद इथूनच खरा सुरू होतो. लाकूड कापणे हा त्याचा निम्मा भाग. उरलेला निम्मा म्हणजे काय कापायचे नाही, हे ठरवणे.

नांदेड-लातूरकडे या कामाला लागणारे जवळपास सगळे काही आहे: वखारी आहेत, जुन्या वाड्यांचे सागवान आहे, हाताला वळण असलेले सुतार आहेत. यंत्र मात्र अजून फार घरांत पोचलेले नाही. म्हणून ही माहिती जरा सविस्तर.

यंत्र काय करते

स्क्रोल सॉ म्हणजे वळणे कापणारी विजेवरची करवत. आकाराने आणि स्वभावानेही ती शिलाई मशीनच्या जवळची. सुई जशी जागच्या जागी खालीवर होते आणि कापड आपण फिरवतो, तसे इथे बारीक पाते खालीवर होते आणि लाकूड आपण फिरवतो. ज्या घरात ब्लाउजचा गळा शिवणारे हात आहेत, त्या हातांना हे यंत्र सुतारापेक्षाही लवकर जमते, असा माझा अनुभव आहे. वळणावर घाई करायची नाही, कापड ओढायचे नाही, ही शिस्त त्यांच्या अंगात असतेच.

पाते दोन हातांमध्ये ताणून बसवलेले असते, एक हात टेबलाच्या वर, एक खाली. वेग बहुतेक यंत्रांत मिनिटाला ४०० ते १६०० फेऱ्यांच्या दरम्यान कमीजास्त करता येतो. ‘सोळा इंची’ यंत्र म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंत सोळा इंच जागा. घरगुती कामाला तेवढी पुरते. मोटर लहान असते, त्यामुळे विजेचा खर्च म्हणावा असा नाही.

दुकानात जाताना एक लक्षात ठेवावे. ‘वळणे कापायचे यंत्र’ मागितले की बहुतेक जण जिगसॉ पुढे करतात. ते हातात धरून चालवायचे. त्याचे पाते जाड आणि एकाच टोकाला धरलेले. खिडकीच्या फळीला मोठी गोलाई द्यायला ते ठीक आहे, पण ‘श्री’ची गाठ त्याने कापता येत नाही.

या यंत्राची खरी गंमत आतल्या कापात आहे. फळीच्या मध्यभागी एखादे फूल पोकळ करायचे असेल तर कडेपासून कापत जायचे नाही. तिथे बारीक भोक पाडायचे, पात्याचे वरचे टोक सोडवायचे, सुईत दोरा ओवावा तसे पाते भोकातून वर घ्यायचे, पुन्हा ताणायचे आणि आतल्या आत कापायचे. एका जाळीत अशी चाळीस भोके असली तर चाळीस वेळा हेच. कंटाळा येईल असे वाटते, पण तिसऱ्या-चौथ्या भोकापासून हाताला लय सापडते.

आधी हातकरवत

यंत्र घ्यायच्या आधी हातकरवतीवर महिनाभर काढावा, हे माझे ठाम मत. सोनाराकडे असते तशी धनुष्यासारखी चौकट, तिच्यात केसासारखे पाते. काही शेकड्यांत येते. टेबलाच्या कडेला एक जाड फळी शिकंज्याने आवळायची, तिला पुढच्या बाजूला खाच पाडायची आणि त्या खाचेत पाते उभे खालीवर चालवायचे. पात्याचे दात खाली तोंड करून हवेत, म्हणजे खाली ओढताना लाकूड कापले जाते. भारनियमनात हे काम अडत नाही, आवाजही नाही. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला मुलांच्या हातात देण्यासारखे हत्यार आहे, अर्थात कोणी शेजारी उभे असेल तर.

या कामाची जगातली वाटचालही अशीच, हाताकडून यंत्राकडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत पायाने चालवायच्या करवती आल्या आणि जाळीकाम हा घरोघरचा छंद झाला. आपल्याकडे म्हैसूरच्या शिसवी जडावकामात आणि सहारनपूरच्या जाळीकामात वळणे कापणारी बारीक करवत कारागिरांच्या हातात आहे. तो त्यांचा पोटाचा उद्योग, त्यांची सफाई छंद करणाऱ्याला यायला वेळ लागतो.

पाते

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थांबतो.

पाती पाच इंच लांबीची असतात आणि दोन तऱ्हांची. एकीच्या टोकांना आडवी पिन असते, दुसरीची टोके सपाट. पिनेचे पाते बसवायला सोपे, पण पिन जाईल एवढे मोठे भोक पाडावे लागते, म्हणजे नाजूक जाळी गेलीच. यंत्र घेताना सपाट टोकाचे पाते बसते का, हे आधी विचारावे. बाकी रंग, दिवा, फुंकणी या नंतरच्या गोष्टी.

पात्यांना क्रमांक असतात. आकडा जितका लहान तितके पाते बारीक. तीन मिलिमीटरच्या प्लायला एक किंवा तीन नंबर, अर्धा इंच सागवानाला पाच, त्याहून जाड लाकडाला सात-नऊ. नवख्याने पाच नंबरचे डझनभर आणावे आणि ते मोडत मोडत शिकावे. पाती मोडतातच. विणकामात दोरा तुटतो, तसे ते धरून चालायचे.

ताण किती द्यायचा, हे कानाने ठरते. ताणलेल्या पात्याला बोटाच्या नखाने छेडावे. भजनातल्या एकतारीसारखा स्वच्छ, उंच ‘टण्ण’ आवाज आला तर ताण बरोबर. ‘भद्द’ वाजले तर पाते ढिले. ढिले पाते जाड लाकडात पोटातून वाकते. वरून रेघ बरोबर दिसते आणि फळी उलटी केली की खालचा आकार भलताच निघतो.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. साधे पाते पत्र्यातून ठोकून काढलेले असते, त्यामुळे त्याच्या एका बाजूला सूक्ष्म कंगोरा राहतो आणि ते सरळ जाण्याऐवजी किंचित एका अंगाला, बहुधा उजवीकडे, ओढते. सरळ रेघ कापताना नवखा माणूस आपलाच हात चुकतोय म्हणून खट्टू होतो. हात चुकत नसतो. लाकूड चार-पाच अंश तिरके धरून पुढे सरकवले की रेघ सरळ येते.

लातूरला एका सुतारकाकांना मी यंत्र दाखवायला नेले होते. मी कापत असताना ते बराच वेळ गप्प उभे राहिले, मग म्हणाले, “सर, जोर कामून लावलालाव? लाकूड येतंय की आपुआप.” पात्याला ढकलायचे नसते, त्याला जेवढे खाता येते तेवढेच भरवायचे, हे त्यांनी यंत्र पहिल्यांदा बघून ओळखले. टोकदार वळणावर तर पुढचा दाब पूर्ण सोडायचा, पाते जागच्या जागी चालू द्यायचे आणि लाकूड त्याच्याभोवती फिरवायचे.

नक्षी कागदावर काढून थेट लाकडावर चिकटवली तर नंतर खरवडून काढताना जीव मेटाकुटीला येतो. आधी लाकडावर कागदी चिकटपट्टी लावावी, तिच्यावर नक्षी डकवावी. काम झाले की सगळे एका सालीसारखे निघते. सागवानासारख्या लाकडात काप जळून काळा पडत असेल तर नक्षीवरून खोकी बंद करायची चकचकीत टेप लावावी. तिच्यामुळे पाते कमी तापते.

लाकूड

सागवान हे मराठवाड्याचे लाडके लाकूड आणि नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे त्याचे जंगल आहे. मात्र जंगलातून कोणी ‘स्वस्तात देतो’ म्हणून आणून दिलेल्या फळ्यांना हात लावू नये. विनापरवाना वनोपज बाळगणे हा गुन्हा आहे. वखारीतून पावती घेऊन आणावे. आपल्याला घनफुटांत लाकूड लागतच नाही. दरवाजे-चौकटींचे उरलेले तुकडे, ज्यांना वखारीत जळणाच्या ढिगात टाकतात, ते आपल्या वर्षभराच्या कामाला पुरतात.

सागवानाची एक अडचण आहे. त्याच्यात वाळूसारखा सिलिका असतो, त्यामुळे पाते लवकर बोथटते. पहिले काम सागवानात करू नये. शिवण मिळाली तर उत्तम, हलकी आणि गोऱ्या रंगाची. आंब्याची फळी स्वस्त आणि बरीच समजूतदार, फक्त तिला वाळवी आणि बुरशीपासून जपावे लागते. कडुनिंब कापताना कडू वास घशात बसतो. बाभूळ बैलगाडीच्या चाकाला शोभते, आपल्या पात्याला नाही. एमडीएफ एकसारखा कापला जातो, पण त्याचा भुसा पिठासारखा आणि त्यात रासायनिक डिंक. बंद खोलीत तो मी कापत नाही.

जुन्या घराचे लाकूड हा आपल्या भागाचा ठेवा. लातूर-धाराशिवकडची माळवदाची घरे म्हणजे जाड दगडी भिंती, लाकडी खांब-तुळया, वर फळ्या आणि त्यावर मातीचा थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात ते दगड आणि ती माती माणसांच्या अंगावर आली. त्यानंतर माळवदाखाली निजायची हिंमत अनेकांना राहिली नाही. घरे उतरवली गेली, आजही उतरवली जातात आणि त्यांतले खांब-तुळया जुन्या लाकडाच्या दुकानांत येतात. दोन-तीन पिढ्या घरात वाळलेले हे सागवान नव्या लाकडासारखे पावसाळ्यात फुगत नाही की मेमधल्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत चिरत नाही. त्याचा एखादा तुकडा यंत्रावर घेतला की पहिला काप जाताच तेलकट, कातड्यासारखा वास येतो. वरून राखाडी झालेली फळी आतून मधासारखी निघते. मी असा तुकडा शक्यतो त्याच घरच्या माणसासाठी कापतो: नावाची पाटी, देव्हाऱ्याची महिरप, काहीतरी घरातच परत जाणारे.

असे लाकूड कापण्याआधी त्याच्यावरून लोहचुंबक फिरवावे. आत मोडलेले खिळे असतात आणि वरून त्यांचा मागमूस नसतो.

शिरोरेघ

आता ज्या गोष्टीसाठी मला हा छंद इतका आवडतो ती.

रोमन लिपीतले नाव कापले की प्रत्येक अक्षर सुटे होते. त्यांना एका पट्टीवर चिकटवावे लागते किंवा ओढूनताणून एकमेकांत गुंतवावे लागते. आपल्या लिपीला ही अडचण नाही. शिरोरेघ सगळ्या शब्दाला दांडीवरच्या कपड्यांसारखे धरून ठेवते. ‘ग’चा सुटा काना, ‘ण’च्या रेघा, ‘श’चे दोन भाग, जे शिरोरेघ नसती तर विखुरले असते, ते सगळे वरून टांगलेले राहतात. शब्द कापून उचलला की तो अख्खा हातात येतो. शिरोरेघ अक्षरांच्या रेघेपेक्षा थोडी जाड ठेवावी आणि लाकडाचे तंतू तिच्याच दिशेने, म्हणजे आडवे धावतील अशी फळी घ्यावी. मग दोन फुटांची पाटीही मोडत नाही. उलट केले, तंतू उभे ठेवले, तर शिरोरेघ दोन अक्षरांच्या मध्ये बिस्किटासारखी तुटते.

शब्द निवडताना त्यातली बंद पोकळी मोजायची सवय लागते. ‘लातूर’ घ्या. ‘ल’ खालून उघडा, ‘त’ उघडा, दीर्घ उकार खाली लोंबता, ‘र’ उघडा. साध्या वळणाच्या अक्षरांत कुठेही बंद पोकळी नाही, म्हणजे एकही भोक न पाडता, कडेकडेने एका दमात हा शब्द कापून होतो. नवख्याच्या पहिल्या शब्दासाठी याहून सोपे गावाचे नाव मला माहीत नाही. ‘उदगीर’मध्ये दीर्घ वेलांटीची कमान शिरोरेघेवर टेकते आणि तिच्या पोटात एक पोकळी बंद होते: एक भोक. ‘किनवट’मध्ये तीन: वेलांटीचे पोट, ‘क’चे पोट, ‘व’चे पोट. आणि ‘नांदेड’मध्ये भोक एकही नाही, पण तो अनुस्वार!

अनुस्वार हवेत असतो, लाकडाला हवेत राहता येत नाही. त्याला शिरोरेघेशी जोडणारी छोटी मान द्यावी लागते. मान जाड झाली की अनुस्वार खुंटीसारखा दिसतो, बारीक झाली की पॉलिश पेपर फिरवतानाच मोडतो. सहा मिलिमीटरच्या लाकडात मी ती तीन मिलिमीटर रुंद ठेवतो आणि शिरोरेघेला मिळते तिथे दोन्ही अंगांनी किंचित गोलाई देतो. दुसरा मार्ग म्हणजे अनुस्वार वेगळा कापायचा आणि सगळा शब्द मागच्या फळीवर बसवताना त्याच्या जागी चिकटवायचा. देव्हाऱ्यावरच्या ‘ॐ’च्या चंद्रबिंदूला हाच मार्ग बरा, कारण तिथे मान दिली तर डोळ्याला खटकते.

संगणकावरचा टंक जसाच्या तसा छापून घेतला की काम फसते. छापील अक्षरांची टोके निमुळती असतात आणि शाईला वजन नसते. हाताने काढलेले, बोरूच्या वळणाचे अक्षर करवतीला जास्त मानवते. त्याची जाडी कुठे वाढवायची, हे काढणाऱ्याच्या हाताला कळते. घरात कोणाचे अक्षर चांगले असेल तर त्यांच्याकडून लिहून घ्यावे. आता शहरात लेझरवर दहा मिनिटांत नाव कापून मिळते, कड मात्र जळकी येते. पाऊण इंच सागवानात ‘श्री’ कापून त्याच्या कडेवर बोट फिरवले की फरक बोटालाच कळतो.

मखर

२०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि गणपतीच्या मखराचा प्रश्न घरोघर उभा राहिला. स्क्रोल सॉ घरात असेल तर त्याचे उत्तर चार-सहा मिलिमीटरच्या प्लायमध्ये आहे, आणि ते दरवर्षी विकत आणावे लागत नाही.

मखराची डावी-उजवी बाजू हुबेहूब सारखी हवी. त्यासाठी दोन प्लाय एकावर एक ठेवून कडांना टेप गुंडाळायची आणि दोन्ही एकदम कापायचे. एकाची चूक दुसऱ्यातही येते, म्हणून जोडी शेवटपर्यंत जुळलेलीच राहते. खांब आणि कमान खिळ्यांनी न ठोकता खाचेत खाच बसवून उभी करावी. खाचेची रुंदी प्लायच्या जाडीएवढी हवी आणि दुकानदार ज्याला ‘सहा मिलिमीटर’ म्हणतो तो प्लाय मोजला तर पुष्कळदा थोडा कमी भरतो. म्हणून आधी एका टाकाऊ तुकड्यात खाच पाडून बघावी. अनंत चतुर्दशीनंतर मखर उसवून, सपाट करून, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवता येते.

नक्षीसाठी लांब जायला नको. लातूरच्या गंजगोलाईचा आराखडाच बघा: मध्ये जगदंबेचे मंदिर, भोवती गोल इमारत आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. वरून पाहिले तर ती जाळीची नक्षीच आहे. सोळा पाकळ्यांचे ते चक्र मी मखराच्या मागच्या फळीत कापले. शेजारच्या आजींनी पाहताच विचारले, “ही गोलाई हाय का?”

धूळ आणि बोटे

विजेच्या करवतींत ही सगळ्यात सौम्य, पण पाते बोटातून जाते ते जातेच. चष्मा आणि मास्क घालावा, सागवान-शिसवाचा भुसा काहींच्या कातडीला आणि नाकाला सोसत नाही. ओढणी, उपरणे, सैल बाही, हातातला दोरा यंत्रापाशी नको. पाच-सात मिलिमीटरचा तुकडा चिमटीत धरून कापू नये, त्याला मोठ्या फळीवर चिकटवून कापावे.

निर्मलची एक फेरी

जमल्यास एकदा निर्मलला जाऊन यावे. नांदेडहून भैंशामार्गे शंभर-सव्वाशे किलोमीटर, तेलंगणात. तिथले कारागीर पोनिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडाची फळे, पक्षी, माणसे घडवतात. तिथे बघण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांची लांबी. चिंचोके भिजवून वाटायचे, त्यात लाकडाचा भुसा कालवायचा आणि त्या लगद्याने सांधे भरायचे. वाळल्यावर ते लाकडासारखेच घासले जाते. आपल्याकडे चिंचेला तोटा नाही आणि या छंदात भुशालाही नाही. मोडलेल्या जाळीची डागडुजी मी आता याच लगद्याने करतो.

आठ जिल्ह्यांचे कोडे

मुलांसाठी काय करावे, असे विचारणाऱ्यांना मी एकच काम सुचवतो. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी याने लाकडावर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमांवरून कापला आणि मुलांना भूगोल शिकवायला दिला. तुकडे जुळवायच्या कोड्यांचा उगम तिथला. आपण मराठवाडा घ्यावा.

सहा मिलिमीटरच्या प्लायवर नकाशा डकवायचा आणि आधी आठ नव्हे, पाचच तुकडे करायचे: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यातून सुटलेला मराठवाडा या पाच जिल्ह्यांचा होता. मग तीन काप आणखी. १ मे १९८१ चा जालन्याचा, मुख्यतः औरंगाबादमधून. १६ ऑगस्ट १९८२ चा लातूरचा, उस्मानाबादमधून. १ मे १९९९ चा हिंगोलीचा, परभणीतून. मुलांसमोर, त्यांच्याकडून तारीख म्हणवून घेत हे काप द्यावेत आणि प्रत्येक तुकड्याच्या मागे ती पेन्सिलीने लिहावी. औरंगाबाद आणि उस्मानाबाद या तुकड्यांवर नवी नावेही, छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव.

प्लायऐवजी सागवान वापरणार असाल तर तंतूंची दिशा नांदेडकडे बघून ठरवा. किनवट-माहूरचा भाग पैनगंगेच्या काठाने उत्तरेला निमुळता होत बाहेर येतो, आणि तंतू त्याला आडवे गेले तर मुलांच्या हातात पहिल्याच दिवशी माहूर तुटते. तंतू त्या निमुळत्या भागाच्या लांबीने धावले की कोडे वर्षानुवर्षे टिकते. माझ्या घरच्या कोड्यातला लातूर आता कडांनी गुळगुळीत झाला आहे. धाराशिवच्या कुशीत तो नुसता ठेवला तरी आपोआप सरकून बसतो.